हिशेब द्या, पण पैऱ्याचाही

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर केलंय, ओळख पटेल असे तपशील काढलेत)

ताई, मी गुहागर तालुक्यातली. वय 41. लग्नाला 19 वर्षं झाली, त्यातली 16 वर्षं हे मस्कतला होते, एसी दुरुस्तीच्या कामाला. दोन वर्षांनी दोन महिने यायचे. गेल्या शिमग्याला कायमचे आले. मधल्या काळात सासऱ्यांचं आजारपण, त्यांचं जाणं, नणंदेचं लग्न, घराची दुरुस्ती, मुलगा-मुलीची शिक्षणं, 20 गुंठे भात आणि काजूची 60 कलमं, सगळं मी बघितलं. पॉवर टिलर घेतला, तो मीच चालवते. वाडीतल्या चार घरांची नांगरणीही करून देते.

जूनमध्ये टिलर बाहेर काढला तर यांनी भर रस्त्यात माझ्या हातातून घेतला. म्हणाले, नवरा घरात असताना बायको नांगर धरते, लोक काय म्हणतील. त्यांना तो जमला नाही, बांध फुटला. माझं एटीएम कार्ड आता त्यांच्या पाकिटात असतं. मुंबईचे भावजी फोनवर म्हणाले, "दादा, एवढे पैसे पाठवलेस, गेले कुठे?" तेव्हापासून हे 16 वर्षांचा हिशेब मागतायत. सासूबाई इतकी वर्षं माझ्या बाजूने होत्या, आता म्हणतात, तो म्हणेल तसं. हे मारत नाहीत, पीत नाहीत, माणूस वाईट नाही. पण कधी कधी मनात येतं, परत गेले तर बरं. मी वाईट बाई आहे का? बचत गटात माझे 38 हजार आहेत, तेही अजून सांगितलेले नाहीत.

उत्तर

शेवटून सुरुवात करते. नाही, तुम्ही वाईट नाही. मी 32 वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली, बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या लहान शाखांत. स्लिप भरता भरता बायका बोलतात. गणपतीच्या आधी "येतायत हे" म्हणताना ज्यांचा चेहरा फुललेला असायचा, त्यातल्याच काही जणी विसर्जनानंतर पासबुक भरायला आल्या की हळूच म्हणायच्या, "गेले बाई एकदाचे." या नवऱ्यांवर प्रेम नसलेल्या बायका नव्हत्या. त्यांना आपापली घडी पुन्हा बसवायची असायची, एवढंच. तुमच्या घरी ही घडी आता कायमचीच विस्कटली आहे, आणि पुढच्या दोन वर्षांची तारीख मोजायची सोयही उरलेली नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचला तो टिलर. तुम्ही त्याला दोन ओळी दिल्यात, मी बराच वेळ तिथेच थांबले. कारण असाच एक जून मी पाहिलेला आहे.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दोन-तीन महिने वाट बघून बाबा ट्रंक घेऊन गावी आले. मी तेव्हा दहावीला. मे महिन्यात हाताला काम नाही म्हणून त्यांनी घर साफ करायला घेतलं. माजघराच्या दाराआडच्या भिंतीवर कोळशाच्या रेघाच रेघा होत्या. त्यांना त्या पोरांच्या खोड्या वाटल्या. चुना कालवून त्यांनी भिंत पांढरीफेक केली आणि आईला कौतुकाने दाखवली.

त्या रेघा म्हणजे आईचा पैऱ्याचा हिशेब होता. पैरा म्हणजे घराघरांनी एकमेकांच्या शेतात राबून आळीपाळीने फेडायचे दिवस. कुणाचं जोत (नांगर आणि बैलजोडी) आपल्याकडे किती दिवस आलं, लावणीला कुणाच्या घरून किती माणसं आली, आपण कुणाकडे किती दिवस फेडायचे राहिलो. आई काही बोलली नाही. मृग लागला, तरवा म्हणजे भाताची रोपं तयार झाली, आणि बाबा रुबाबात शेजारच्या तात्यांकडे जोत मागायला गेले. तात्या पडवीत बसले होते. म्हणाले, "तुमच्याकडूनच आमचे तीन दिवस यायचे आहेत. वैनीला पाठव, तुला नाय कळायचं ते." बाबा तसेच परत आले आणि दिवसभर ट्रंकेवर बसून राहिले. गिरणी गेल्याचं दुःख त्यांनी आमच्यासमोर कधी दाखवलं नव्हतं, ते त्या दिवशी दिसलं.

दुसऱ्या दिवशी आईने चुलीतला कोळसा घेतला, त्यांना भिंतीपाशी उभं केलं आणि सगळ्या रेघा आठवून पुन्हा ओढल्या. एकेका घराचं नाव घेत. मग त्यांना बरोबर घेऊन त्या घरांच्या पायऱ्या चढली. चौथ्या घरापासून बाबा स्वतः बोलायला लागले. यानंतर सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. बाजाराचे पैसे बाबा शेवटपर्यंत आईला मोजूनच देत. पण पैऱ्याच्या बाबतीत त्यांनी पुन्हा तिला डावलून कुणाचं दार वाजवलं नाही.

तुमचे यजमान हिशेब मागतायत तो पैशांचा. तो द्या. पण त्यांना खरं म्हणजे ठाऊक नाही तो दुसरा हिशेब. टिलर ज्या चार घरांत जातो त्यातलं कुठलं घर रोख देतं, कुठलं काजू वेचायला दोन माणसं पाठवतं, कुठल्या घरातल्या पोराने सासऱ्यांना रात्री रिक्षात घालून चिपळूणला नेलं होतं. टिलर हातातून घेतला तेव्हा या सगळ्या देण्याघेण्याची दोरीही त्यांनी ओढली, हे त्यांच्या लक्षातच आलेलं नाही. त्यांना वाटलं, आपण फक्त एक यंत्र घेतलं.

आता पैशांचं. 16 वर्षांचा खर्च वहीत लिहायला बसू नका. कुणाच्याच्याने तो होत नाही, आणि जे आठवणार नाही ते 'लपवलं' ठरेल. सगळी जुनी पासबुकं काढा, नसतील त्या वर्षांचा खातेउतारा शाखेत अर्ज करून मागा. ते समोर ठेवा आणि मोठे आकडे तेवढे बोटाने दाखवा: हे दवाखान्याचे, हे कौलांचे, हे नणंदेच्या लग्नाचे. मग तितक्याच शांतपणे त्यांचा हिशेब मागा. पगार किती होता, तिथे किती लागले, पहिल्या व्हिसासाठी एजंटला दिलेलं कर्ज कधी फिटलं, सुटताना कंपनीकडून किती मिळाले आणि ते कुठे आहेत. हिशेब एकाच बाजूने मागितला की ती झडती होते. भावजींनाही बसवा हवं तर. नणंदेच्या लग्नात त्यांनी काय घातलं तेही त्याच बैठकीत निघू दे. (हे जरा खोडसाळपणे लिहितेय, पण फोनवरून आग लावणाऱ्याला कधीतरी सतरंजीवर बोलवावंच.)

एटीएम कार्ड परत घ्या. खातं तुमचं, कार्ड तुमचं, आणि पिन घरातल्याही माणसाला द्यायचा नसतो, हा बँकेचाच नियम आहे. भांडून मिळत नसेल तर जुनं कार्ड बंद करून नवं घ्या आणि तसं त्यांना तोंडावर सांगा. गुपचूप काहीच करू नका. त्याच कारणाने बचत गटाचे 38 हजारही सांगून टाका. ते तुमचे आहेत, काढायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत. पण गटात दहा-बारा जणी असणार आणि त्यांना तितकेच नवरे असणार. तुमच्या वाडीत ही गोष्ट फक्त तुमच्या यजमानांनाच माहीत नाही, अशी माझी पैज आहे.

कागदांवर थोडी रेंगाळते, कारण इथे बायका फसतात. सासरे गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) खेपा तुम्हीच घातल्या असणार, कारण घरात दुसरं होतं कोण? त्या नोंदीत सासूबाईंचं नाव लागलं असेल, यजमानांचं, भावजींचं, नणंदेचं. तुमचं लागत नाही, कारण सून वारस नसते. ई-पीक पाहणी तुमच्या मोबाइलवरून होते, काजूचं फवारणीपत्रक तुम्ही ठेवता, आणि सातबाऱ्यावर तुम्ही कुणीच नाही. माझ्या आईला कलमांसाठी कर्ज हवं होतं तेव्हा तिला नाही म्हणणारी बाई मीच होते. माझ्याच काउंटरवर. "जमीन तुमच्या नावावर नाही, आई," असं मी चारचौघांत म्हणाले, तेही अगदी कामकाजाच्या आवाजात.

यावर एक जुनी वाट आहे, लोक ती विसरलेत. लक्ष्मीमुक्ती. शेतकरी संघटनेने, शरद जोशींनी ती चळवळ म्हणून उभी केली आणि 1992 मध्ये राज्य सरकारने तसं परिपत्रक काढलं. नवऱ्याने स्वतः अर्ज करून आपल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं. स्वतः, आणि हयातीत. ते परगावी असताना हे राहूनच जातं. आता ते घरात आहेत, हा त्यांच्या परत येण्याचा एक निखळ फायदा. अडचण अशी की तुमचा सातबारा सामायिक आहे. कोकणात कुणाचा नसतो? माझ्या माहेरच्या उताऱ्यावर नावं वाचता वाचता पान उलटावं लागतं. तेव्हा आधी वाटप लागेल. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली ते करता येतं, भावजी अडून बसले तर वेळ लागेल. तोवर घर घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं. घर अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर तिथली वारस नोंद आधी करून घ्या. आणि ते कायमचे परतलेत म्हणजे त्यांचं एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्यांचं असतं ते) बँकेला सांगून साधं निवासी करून घ्यावंच लागतं. त्याच दिवशी, त्याच फॉर्मबरोबर तुमचं नाव जोडून घ्या, दोघांपैकी कुणीही व्यवहार करील अशा पद्धतीने. "नॉमिनी केलंय की तुला" यावर समाधान मानू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते ते वारसांना पोचवण्यासाठी.

हे त्यांच्यापाशी मागायचं कसं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो आहेच. नवरा दुखावलेला असताना कागद पुढे केला की त्याला वाटतं आपल्याला घराबाहेर काढतायत. म्हणून आधी त्यांच्याकडे जरा नीट बघा. 16 वर्षं या माणसाची घरातली ओळख 'पैसे पाठवणारा' एवढीच होती, आणि आता ते पैसे थांबलेत. घरात कुठल्या डब्यात काय आहे हे त्याला ठाऊक नाही, मुलगा काही विचारायचं तर त्याला ओलांडून तुमच्याकडे येतो. हाताशी सत्ता म्हणून उरलं काय? टिलर आणि एटीएम कार्ड. मी त्यांची बाजू घेत नाहीये, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सासूबाईंचंही तसंच. त्यांचा स्वतःचा नवराही बहुधा चाकरमानीच होता, आणि उतारवयात मुलगा घरी राहावा म्हणून त्या आता काहीही म्हणतील.

आपल्याकडे हे काही गल्फपासून सुरू झालेलं नाही. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या त्या काळापासून कोकणातला पुरुष बाहेर आणि बाई गावात, अशीच घरं चालली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर 1000 पुरुषांमागे 1122 बायका, सिंधुदुर्गात 1036, आणि सगळ्या राज्यात मात्र 929. या आकड्यावर आपल्याकडे भाषणांत टाळ्या घेतल्या जातात, मुलींना मान देणारा जिल्हा म्हणून. अहो, पुरुष मोजायला घरी नव्हते! आणि एवढ्या बायका असून गावाचा निर्णय कुठे व्हायचा? मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या सभेत, परळ-लालबागच्या एखाद्या हॉलमध्ये. देवळाचा रंग, पालखीचा मार्ग, वर्गणी किती, सगळं तिथे ठरून गावात निरोप यायचा. तुमच्या यजमानांना मंडळाने एव्हाना कमिटीवर घेतलंही असेल. वाडीतली वर्गणी आजवर कोण गोळा करत होतं, ते तुम्ही मला कळवा.

मुंबईच्या गिरणगावातल्या गर्दीच्या खोल्यांतले पुरुष जेवायचे खाणावळीत. खाणावळी चालवायच्या बायकाच. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे आपली बायको गावाला ठेवली तरी चाकरमान्याचं ताट दुसऱ्या कुणाच्या बायकोने वाढलं, त्यामुळे माझ्या बाबांना चहासुद्धा करता येत नसे. पण गल्फचं तसं नाही, आणि इथे तुमच्या हातात एक हुकमाचं पान आहे. मस्कतच्या रूमवर चार-पाच जण राहतात, स्वयंपाकाची पाळी लागलेली असते. तुमच्या यजमानांनी 16 वर्षांत किती वेळा भात लावला असेल, कपडे धुतले असतील, संडास घासला असेल, मोजा. तिथे हे सगळं बिनबोभाट करणारा माणूस मुंबई विमानतळावर उतरला की एकदम विसरतो. त्यांना एकदा सहज विचारा, रूमवर तुमची पाळी कुठल्या वारी असायची? आणि त्या वारचा स्वयंपाक मागा. टोमणा न मारता. मुलगा बघत असेल तर फारच उत्तम, कारण मुलीला तुम्ही भाकऱ्या शिकवल्यात आणि मुलाला 'तूच आता घरातला पुरुष' म्हणून मोकळं सोडलंत, असं मला वाटतं. चुकत असेन तर माफ करा.

मागे एका आंब्याच्या बागेत गेले होते. तिथला नेपाळी राखणदार फोनवर बोलत होता, बराच वेळ, मधेच हसत. नंतर त्यानेच हिंदीत सांगितलं, घरी बकरी विकायची होती, बायकोला विचारत होतो किती मिळाले, पुढची कधी विकायची म्हणते. आपल्या बागा आणि होड्या आता या पोरांच्या जिवावर चालतात, आणि त्यांच्या मागे डोंगरात कुणीतरी तुमच्यासारखीच सगळं ओढतेय. तो बायकोला सांगत नव्हता, विचारत होता, हे मात्र माझ्या मनात राहिलं.

एक सांगून ठेवते. आज हात उगारत नाहीत, छान. उद्या उगारला, किंवा घराबाहेर काढायची भाषा झाली, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, घर कुणाच्याही नावावर असो.

टिलरबद्दल माझं म्हणणं असं की तो सोडू नका, पण हिसकावूही नका. ते एसीचे कारागीर आहेत, इंजिन त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळत असणार. दुरुस्ती त्यांची, चालवणं दोघांचं. चिखळणीत वळताना तो कसा दाबून धरायचा, ते त्यांना एखाद्या कडेच्या कोपऱ्यात, कुणी बघत नसताना दाखवा. पुरुषाला रस्त्यावर शिकवलं तर तो शिकत नाही, हे मी तीन भावांच्या अनुभवाने सांगते. आणि त्या चार घरी यंदा पावसाच्या आधी दोघं मिळून जा.

त्याआधी काजूचा हंगाम येईल. व्यापाऱ्याकडे बिया घालायला इतकी वर्षं एकट्या जात होतात ना? या खेपेला त्यांना बरोबर घ्या. गोणी त्यांना उचलू दे. काट्यापाशी तुम्ही नेहमीसारख्या उभ्या राहा, बी हातात घेऊन ओली-सुकी बघा, दरावर अडून बसा, आणि व्यापारी पैसे कुणाच्या हातात देतो ते त्यांना बघू दे. घरी येताना गाडीवर काय बोलणं झालं ते मला लिहा.